‘लेडी चॅटर्ली’ लिहिणारा लॉरेन्स आधी पोरांनी खच्चून भरलेल्या वर्गात छडी घेऊन उभा होता

१९६४ चा ऑगस्ट महिना. सुप्रीम कोर्टात पाच न्यायमूर्तींसमोर मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याचं अपील होतं. सरन्यायाधीश होते आपल्या साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. गुन्हा काय, तर दुकानात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी विकायला ठेवली होती. दंड झाला होता वीस रुपये. प्रश्न वीस रुपयांचा नव्हताच. पुस्तक अश्लील आहे की नाही याचा निकाल हवा होता. कोर्टाने शिक्षा कायम ठेवली, आणि भारतात अश्लीलतेच्या कायद्यावर चर्चा सुरू झाली की हा खटला आजही निघतोच.

त्यामुळे डी. एच. लॉरेन्स म्हटलं की आपल्याकडे लोकांना आठवतं ते बंदी आलेलं पुस्तक. कॉलेजात इंग्रजी घेतलं असेल तर फार तर ‘सन्स अँड लव्हर्स’.

पण या माणसाच्या आयुष्यातली साधारण आठ-नऊ वर्षं शिकवण्यात आणि शिकवायला शिकण्यात गेली. त्यातली शेवटची तीन तर लंडनजवळच्या एका शहरी शाळेत, गरिबाघरच्या पोरांच्या वर्गावर गेली. नवा शिक्षक अशा शाळेत गेल्यावर त्याचं काय होतं, हे लॉरेन्सने आधी स्वतः सोसलं आणि नंतर कादंबरीत लिहिलं. ते वाचताना शंभर वर्षांपूर्वीचं इंग्लंड डोळ्यांसमोर येतच नाही, ओळखीतला कुणीतरी शिक्षक येतो.

माझी एक मैत्रीण एका महापालिकेच्या शाळेत तासिका तत्त्वावर लागली होती. पहिल्या आठवड्यात तिचा आवाज बसला. दुसऱ्या आठवड्यात तिने मला विचारलं, की पोरांना शिकवतात नक्की कधी, कारण तिचा सगळा दिवस त्यांना गप्प करण्यात जात होता. लॉरेन्सची गोष्ट मी तेव्हापासून शोधून वाचायला लागलो.

खाणकामगाराचा पोरगा मास्तर कसा झाला?

डेव्हिड हर्बर्ट लॉरेन्सचा जन्म ११ सप्टेंबर १८८५ चा. गाव ईस्टवूड, नॉटिंगहॅमशायरमधलं कोळशाच्या खाणींचं गाव. वडील आर्थर खाणीत कामाला. आई लिडिया वाचणारी, नीटनेटकी, लग्नाआधी काही काळ शाळेत शिकवलेली. पोरांनी खाणीत उतरायचं नाही हे तिने ठरवून टाकलं होतं. घरात यावरून आणि वडिलांच्या दारूवरून कायम भांडणं चालत.

हा पोरगा तब्येतीने किरकोळ, पण अभ्यासात हुशार. १८९८ मध्ये त्याला नॉटिंगहॅम हायस्कूलची स्कॉलरशिप मिळाली. त्याच्या बोव्हेल बोर्ड स्कूलमधून ही स्कॉलरशिप मिळवणारा तो पहिलाच. तीन वर्षांनी शाळा संपली आणि तो शस्त्रक्रियेला लागणारं सामान बनवणाऱ्या एका कारखान्यात कारकून म्हणून चिकटला. काही महिन्यांतच मोठा भाऊ अर्नेस्ट वारला, पाठोपाठ लॉरेन्सला न्यूमोनिया झाला. मरता मरता वाचला.

खाण नको, कारखाना झेपत नाही. मग उरलं काय? मास्तरकी. गरिबाघरच्या हुशार पोरांपुढे तेव्हा तोच एक रस्ता असायचा. आपल्याकडे डी.एड.ची लाट होती तेव्हा खेड्यापाड्यांत घराघरांत काय चाललं होतं ते आठवा, म्हणजे समजेल.

इंग्लंडमध्ये १८४६ पासून ‘प्युपिल टीचर’ नावाची पद्धत होती. म्हणजे पोरानेच पोरांना शिकवायचं. शाळेत चांगला असलेला विद्यार्थी उमेदवारीवर घ्यायचा, तुटपुंजे पैसे द्यायचे, दिवसभर त्याने वर्ग सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात स्वतःचा अभ्यास करायचा. सुताराच्या हाताखाली पोऱ्या ठेवतात तसंच. सरकारला स्वस्तात शिक्षक मिळायचे आणि पोराला पुढच्या परीक्षेला बसता यायचं.

१९०२ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, लॉरेन्स ईस्टवूडच्या ब्रिटिश स्कूलमध्ये असा प्युपिल टीचर झाला. समोर खाणकामगारांची पोरं, म्हणजे त्याच्याच गल्लीतली. काल ज्याच्याबरोबर रस्त्यावर दिसलात, त्याच्या धाकट्या भावाला आज पाढे शिकवायचे. पुढे स्वतःबद्दल लिहिताना त्याने या काळाला रानटी म्हटलं आहे, यावरून काय ते समजून घ्या. नंतर शेजारच्या इल्केस्टनमध्ये प्युपिल टीचरांसाठी जे केंद्र होतं तिथे तो जायला लागला. त्याच्याबरोबर तिथे जेसी चेंबर्स आणि लुई बरोज या दोन मुलीही होत्या. दोघी पुढे शिक्षिका झाल्या आणि दोघी त्याच्या आयुष्यातही राहिल्या.

१९०४ च्या डिसेंबरात त्याने किंग्ज स्कॉलरशिपची परीक्षा दिली आणि अगदी वरच्या श्रेणीत पास झाला. पण कॉलेजची फी भरायला पैसे नव्हते. म्हणून आणखी एक वर्ष बिनप्रमाणपत्राचा शिक्षक म्हणून त्याच गावात काढलं. १९०६ ते १९०८ नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षकाचा कोर्स केला. कॉलेजने त्याची निराशाच केली. प्राध्यापक मंडळी ज्ञानाच्या नावाखाली दुकानातला माल देतात तसं देतात, असं त्याचं मत झालं. वनस्पतिशास्त्र तेवढं मनापासून आवडलं.

आठवड्याला दोन पाउंडही नाहीत

ऑक्टोबर १९०८. वय तेवीस, हातात प्रमाणपत्र. नोकरी लागली क्रॉयडनला, डेव्हिडसन रोड स्कूलमध्ये. पगार वर्षाला ९५ पाउंड.

क्रॉयडन म्हणजे लंडनच्या दक्षिणेला झपाट्याने पसरणारं शहर. शाळा दीडेक वर्षापूर्वीच बांधलेली होती. लाल विटांची नवीकोरी इमारत. आपण ‘बिकट अवस्थेतली शाळा’ म्हटलं की गळकं छप्पर आणि तुटके बाक आठवतो. इथे तसं नव्हतं. भिंती नव्या होत्या, त्या भिंतींच्या आत येणारी पोरं उपाशी होती.

इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळा सुरू झाल्या, १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली, १८९१ मध्ये शिक्षण जवळपास सगळीकडे मोफत झालं. म्हणजे आधी जी पोरं शाळेचं तोंडही बघत नव्हती ती सगळी कायद्याने वर्गात आली. त्यांच्यासोबत त्यांचं घरही आलं. भूक आली, फाटके बूट आले. १९०६ मध्ये सरकारला वेगळा कायदा करून गरजू मुलांना शाळेत खायला द्यायची परवानगी नगरपालिकांना द्यावी लागली. उपाशी पोटी शिकता येत नाही, हे कळायला साडेतीन दशकं गेली.

त्यात आणखी एक जुनं दुखणं होतं. १८६२ पासून बरीच वर्षं इंग्लंडमध्ये शाळेला अनुदान मिळायचं ते निकाल बघून. सरकारी इन्स्पेक्टर यायचा, मुलांची वाचन-लेखन-गणिताची परीक्षा घ्यायचा आणि किती पास झाले त्यावर पैसे ठरायचे. साहजिकच शाळांनी घोकंपट्टीचे कारखाने उघडले. ही पद्धत १८९० च्या दशकात गेली. पण शाळेच्या अंगात मुरलेली सवय लगेच जात नाही. लॉरेन्स शिकवायला लागला तेव्हाचे बरेच हेडमास्तर आणि जुने शिक्षक त्याच काळात तयार झालेले होते.

त्याच्या वर्गात कोण होतं? आजूबाजूच्या कष्टकऱ्यांची पोरं. गॉर्डन होम नावाच्या अनाथाश्रमातली, अक्षरशः रस्त्यावरून उचलून आणलेली पोरं. आणि याच वर्गात नट-नट्यांच्या मुलांसाठी असलेल्या वसतिगृहातली नाजूक, बोलकी पोरं. एका बाजूला मार खाऊन कोडगा झालेला मुलगा, शेजारी जरा ओरडलं की डोळ्यांत पाणी येणारा. दोघांना एकच शिक्षक, एकच आवाज, एकच छडी. पटावरची संख्या कमीजास्त व्हायची, पण पन्नासच्या आसपास पोरं एका वर्गात ही तेव्हाची रोजची गोष्ट होती.

पहिली लढाई पोरांशी नव्हती

क्रॉयडनहून त्याने मित्रमैत्रिणींना लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत. सुरुवातीच्या पत्रांत तो सगळ्यात जास्त कुणावर चिडलाय माहितीये? हेडमास्तरवर.

फिलिप स्मिथ नावाचे हेडमास्तर स्वभावाने मऊ होते. मुलांना शिक्षा करणं त्यांना आवडायचं नाही. शिक्षकाला छडी मारायचीच असेल तर नियमाची छडी मागवून घ्यायची आणि कुणाला, कशासाठी, किती मारलं याची बारीकसारीक नोंद शिक्षेच्या वहीत करायची. आज आपल्याला हे किती पुढारलेलं वाटतं! पण समोर पन्नास पोरं हुंदडतायत, तुमच्या हातात कुठलंही दुसरं साधन नाही आणि वरचा माणूस सगळी जबाबदारी झटकतोय, अशा वेळी त्या नव्या शिक्षकाला काय वाटेल? लॉरेन्सने पत्रात हेडमास्तरला अगदी शेलक्या शब्दांत कणाहीन ठरवलं. शाळेत शिस्त म्हणून नाही, शिकवणं म्हणजे झटापट झालीये, असं त्याचं रडगाणं होतं.

मला इथे थांबावंसं वाटतं. लॉरेन्सला मारायची हौस नव्हती. मारलं की त्याला स्वतःचीच किळस यायची, हे त्याच्या लिखाणात पुन्हा पुन्हा दिसतं. तरीही त्याने छडी वापरली. एकीकडे वर्गात माणसासारखं वागायचंय, दुसरीकडे वर्ग हातातून गेला तर नोकरी जाईल. या दोन्हींच्या मध्ये नवा शिक्षक सापडतो. शाळेने छडीवर नियम घातला, पण छडीच्या जागी काय वापरायचं ते सांगितलं नाही. त्यामुळे नियमाचा भार पडला तो सगळ्यात खालच्या, सगळ्यात नवख्या माणसावर.

(इंग्लंडच्या सरकारी शाळांत छडीवर बंदी यायला १९८७ उजाडलं. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा बंद केली.)

राहायला तो कोलवर्थ रोडवर जोन्स कुटुंबाकडे होता. गंमत म्हणजे घरमालक जोन्स हे शाळेच्या हजेरीचे अधिकारी. शाळा बुडवणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन त्यांना धरून आणायचं, हे त्यांचं काम. म्हणजे दिवसभर ज्या पोरांशी झगडायचं, त्यांचाच विषय रात्री जेवणाच्या टेबलावर. त्या घरात एक तान्ही मुलगी होती, तिच्याशी खेळण्यात मात्र त्याला चैन पडायचं. शाळेतून आल्यावर वह्या तपासायच्या आणि त्यानंतर स्वतःचं लिहायचं, असा त्याचा रोजचा क्रम होता.

मग जमलं कसं?

हळूहळू जमलं. आणि यात त्याच हेडमास्तरांचा मोठा वाटा होता.

स्मिथ यांनी लॉरेन्सला एक गोष्ट दिली, जी घोकंपट्टीच्या काळातले हेडमास्तर सहसा द्यायचे नाहीत. ती म्हणजे मोकळीक. वर्गात काय करतोस, कसं करतोस यात त्यांनी फार नाक खुपसलं नाही. लॉरेन्सला चित्रं काढायला यायची, त्याने पोरांना रंग हातात दिले. झाडं, पानं, फुलं याचं वेड होतं, तेही वर्गात आणलं. वाचून दाखवण्याऐवजी नाटकं करून घेतली.

स्मिथ यांनी पुढे आठवणीत सांगितलेला एक किस्सा आहे. एकदा शाळेत इन्स्पेक्टर आला आणि लॉरेन्सच्या वर्गात शिरला. तिथे पडद्याआडून दबक्या आवाजात गाणं चाललं होतं. एक पोरगा धावत आला आणि त्याने चक्क इन्स्पेक्टरलाच गप्प बसायची खूण केली. शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधलं समुद्राचं गाणं चालू होतं, त्यात व्यत्यय नको होता. ज्या इन्स्पेक्टरला शाळा चळाचळा कापायच्या, त्याला एका गरिबाघरच्या पोराने गप्प केलं.

आता हे वाचून लगेच हिंदी सिनेमातला मास्तर डोळ्यांसमोर आणू नका. असे दिवस अधूनमधून यायचे. लॉरेन्सच्या शाळेवरच्या कविता दोन्ही प्रकारच्या आहेत. ‘द बेस्ट ऑफ स्कूल’मध्ये उन्हाळ्यातला शांत वर्ग आहे, पोरं मन लावून लिहितायत आणि मास्तर ते बघत सुखावलाय. ‘लास्ट लेसन ऑफ द आफ्टरनून’मध्ये तोच मास्तर घंटेची वाट बघतोय. पुढ्यात घाणेरड्या अक्षरातल्या वह्यांचा ढीग आहे आणि आपण या पोरांसाठी स्वतःला का जाळून घ्यायचं, असा प्रश्न त्याला पडलाय. दोन्ही एकाच माणसाने लिहिल्यात आणि दोन्ही खऱ्या आहेत. कुठल्याही शिक्षकाला विचारा, कधीकधी दोन्ही एकाच दिवसात होतात.

शाळेत त्याला माणसंही चांगली भेटली. आर्थर मॅकलिऑड नावाचा सहकारी पुस्तकवेडा होता, दोघांत पुस्तकांची देवाणघेवाण चालायची. वयाने मोठ्या ॲग्नेस मेसन या सहकारी शिक्षिकेने त्याला सांभाळून घेतलं. तिच्यामुळेच क्रॉयडनमधली आणखी एक शिक्षिका, हेलन कॉर्क, त्याला भेटली. तिच्या आयुष्यातल्या एका दुःखद प्रसंगावरून त्याची दुसरी कादंबरी ‘द ट्रेसपासर’ झाली.

जे झालं ते अर्सुलाच्या नावावर

१९०९ मध्ये जेसी चेंबर्सने त्याच्या काही कविता परस्पर ‘इंग्लिश रिव्ह्यू’ या मासिकाला पाठवल्या. संपादक होते फोर्ड मॅडॉक्स ह्यूफर. कविता नोव्हेंबरच्या अंकात आल्या आणि क्रॉयडनचा मास्तर लंडनच्या लेखकांत जाऊन पोचला. जानेवारी १९११ मध्ये पहिली कादंबरी ‘द व्हाइट पीकॉक’ आली. तिचे मिळाले ५० पाउंड, म्हणजे मास्तरकीच्या अर्ध्या वर्षाच्या पगाराहून थोडे जास्त. पुस्तकाची पहिली प्रत आईच्या हातात पडली ती तिच्या अखेरच्या आजारपणात. ९ डिसेंबर १९१० ला ती गेली.

पण शाळेचा खरा हिशेब त्याने मांडला तो १९१५ च्या ‘द रेनबो’ या कादंबरीत. यात ‘पुरुषांचं जग’ अशा अर्थाच्या नावाचं एक मोठं प्रकरण आहे. नवख्या शिक्षकाचं पहिलं वर्ष समजून घ्यायचं असेल तर मी कुणालाही हेच प्रकरण वाचायला सांगेन.

अर्सुला ब्रँगवेन ही तरुण मुलगी इल्केस्टनमधल्या एका गरीब वस्तीतल्या शाळेत लागते. घरच्यांचा विरोध पत्करून, स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणून. तिच्या डोक्यात आहे की आपण पोरांवर माया करू, मग पोरंही आपल्यावर करतील. पहिल्याच दिवशी तिच्यापुढे पन्नासहून जास्त चेहरे येतात, आणि तिला कळतं की ही सुटी सुटी मुलं नाहीत, हा जमाव आहे.

पोरं तिला जोखतात. वर्गातली पेनं गायब होतात. हेडमास्तर हार्बी भर वर्गात येऊन तिचा पाणउतारा करतो, तिच्याच मुलांसमोर. यानंतर मुलं तिचं ऐकतील कशाला? रस्त्यात मागून तिचं आडनाव ओरडून चिडवणं सुरू होतं. शेजारच्या वर्गातले जुने शिक्षक तिला एकच सल्ला देतात, की आधी त्यांना दाबा, मग शिकवा. त्यांचे वर्ग शांत आहेत. त्यांचे चेहरे मात्र दगडी झालेत, आणि तीस वर्षांनी आपण अशाच दिसणार हे अर्सुलाला दिसतंय.

शेवटी एक दिवस विल्यम्स नावाचा पोरगा हद्द करतो आणि अर्सुला छडी उचलते. तो गुरासारखा ओरडतो, लाथा झाडतो, ती मारत राहते. त्या दिवसापासून वर्ग तिच्या ताब्यात येतो. विल्यम्सची आई शाळेत येते. पोरगा मुळात आजारी आहे, नाजूक आहे, हे तिच्या बोलण्यातून कळतं. अर्सुला जिंकलेली असते आणि आतून काहीतरी कायमचं मोडलेलंही असतं.

हे प्रकरण इतकं अस्सल का आहे? कारण लॉरेन्सने कुणालाच खलनायक केलेलं नाही. हार्बी दुष्ट वाटतो, पण तोही एका यंत्राचा दाता आहे. विल्यम्स त्रास देतो, पण त्याची आई आल्यावर आपल्याला त्याचं घर दिसतं. अर्सुलाला वाटतं आपण कमी पडलो, आणि तिला तसं वाटावं अशीच शाळेची रचना आहे. पन्नास पोरं, एक शिक्षक, हाताशी काही नाही, आणि वर्ग सुटला तर दोष तिच्या एकटीचा.

लॉरेन्सने हे एका मुलीच्या तोंडून का सांगितलं असेल? लुई आणि जेसी या दोघींच्या शाळांमधल्या गोष्टी तो वर्षानुवर्षं ऐकत होता. लुईशी तर १९१० च्या डिसेंबरात त्याचा साखरपुडाही झाला होता, जो पुढे मोडला. अर्सुलामध्ये लुईचा बराच अंश आहे असं मानलं जातं. इल्केस्टन त्याच्या उमेदवारीच्या दिवसांतलं, आणि वर्ग हाताबाहेर गेल्यावर पोटात येणारा गोळा त्याचा स्वतःचा.

कादंबरी सप्टेंबरच्या शेवटी आली आणि नोव्हेंबरमध्ये लंडनच्या कोर्टाने तिच्या हजाराच्या आसपास प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. कारण अश्लीलता. शाळेचं ते प्रकरणही सोबतच गेलं.

नोकरी सुटली कशी?

आजारपणाने. १९११ च्या नोव्हेंबरात तो पावसात भिजला, त्यानंतर न्यूमोनिया झाला आणि पुन्हा एकदा मरणाच्या दारात जाऊन आला. शाळेत परत गेलात तर क्षय होईल, असं डॉक्टरांनी बजावलं. फेब्रुवारी १९१२ मध्ये त्याने राजीनामा दिला.

तरी मास्तरकीचा विचार लगेच सुटला नव्हता. जर्मनीतल्या एखाद्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायला मिळेल का, हे विचारायला तो मार्चमध्ये नॉटिंगहॅमच्या आपल्या जुन्या प्राध्यापकांकडे, अर्नेस्ट वीकली यांच्याकडे गेला. तिथे त्यांच्या बायकोशी, फ्रीडाशी गाठ पडली. मे महिन्यात दोघं पळून जर्मनीला गेले. नोकरीचा विषय तिथेच संपला. पुढची अठरा वर्षं इटली, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको असा तो फिरत राहिला आणि २ मार्च १९३० ला फ्रान्समधल्या व्हान्स इथे क्षयानेच गेला. वय चव्वेचाळीस.

शिक्षणावर तो नंतरही लिहीत होता, आणि त्यातलं सगळं पचणारं नाही. १९२० च्या आसपास त्याने ‘एज्युकेशन ऑफ द पीपल’ नावाचा लांबलचक निबंध लिहिला. आदर्शांच्या गप्पा मारायच्या, पोरांना मात्र पोटापाण्याच्या यंत्रात ढकलायचं, असा शाळांचा दुटप्पीपणा त्यात त्याने सोलून काढला आहे. इथपर्यंत ठीक. पण १९२२ च्या ‘फँटेशिया ऑफ द अनकॉन्शस’मध्ये तो म्हणतो की बहुसंख्य माणसांनी लिहायला-वाचायला शिकूच नये.

स्कॉलरशिप मिळाली म्हणून जो खाणीतून वाचला, त्याने हे म्हणावं? आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली होती. त्या मातीतल्या वाचकाला लॉरेन्सचं हे वाक्य टोचणारच, आणि टोचायलाच हवं. मला ते थकलेल्या मास्तरचं वाक्य वाटतं. वर्गात पन्नास पोरं कोंबणाऱ्या व्यवस्थेवरचा राग त्याने पोरांच्या अक्षरओळखीवर काढला.

पण त्याच सुमारास त्याने आणखी एक पुस्तक लिहिलं होतं, ज्याबद्दल फार कुणी बोलत नाही. शाळेतल्या मुलांसाठी युरोपच्या इतिहासाचं पाठ्यपुस्तक, ‘मूव्हमेंट्स इन युरोपियन हिस्टरी’. १९२१ मध्ये ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. ‘द रेनबो’च्या खटल्यामुळे लॉरेन्सचं नाव इतकं बदनाम होतं, की शाळेच्या पुस्तकावर ते छापायची सोय नव्हती. म्हणून टोपणनाव घेतलं, लॉरेन्स एच. डेव्हिसन. ते वाचून मला तरी क्रॉयडनचा डेव्हिडसन रोडच आठवला. चार वर्षांनी सचित्र आवृत्ती निघाली, तिच्यावर मात्र त्याचं स्वतःचं नाव होतं.